हजर

दुकानात पाटी होती : ‘विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर निम्म्या किमतीत.’ वैजयंताने मुलीचं शाळेचं ओळखपत्र पुढे केलं. मालक पेडणेकर गुरकावले, “सवलत विद्यार्थ्याला असते, त्याच्या आईला नाही!”

“शाळेत मीच जाते.”

“अस्सं? मग सांगा, आज वर्गात काय शिकवलं?”

वैजयंताने वही उघडली. “पहिल्या तासाला अपूर्णांकांचा भागाकार, दुसऱ्या तासाला ज्वालामुखी. पोर सहा महिने दवाखान्यात पडून आहे. तिच्या बाकावर मी बसते, फळ्यावरचं उतरवून घेते आणि संध्याकाळी तिला शिकवते.”

पेडणेकरांचा आवाज खाली आला. निम्म्या किमतीचं बिल काढत त्यांनी विचारलं, “नाव कुणाचं घालू?”

“तिचंच घाला. वर्गात बाई तेच नाव पुकारतात, आणि ‘हजर’ मी म्हणते.”