गोजराईनं कडं उतरवलं

फार वर्षांपूर्वी, माळवंडीला गाडीवाट नव्हती, डोंगराच्या कडेनं जाणारी एक पायवाट तेवढी होती, त्या काळची ही गोष्ट. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऐकावी, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐकावी.

त्या माळवंडीत गोजराई नावाची सुईण होती. गावातल्या निम्म्या माणसांनी पहिला उजेड पाहिला तो तिच्याच हातांवर. असं म्हणतात, की गोजराईनं उंबरा ओलांडला की आत कण्हणाऱ्या बाईची कळ अर्धी व्हायची. असंही म्हणतात, की तिनं पोटावर हात ठेवला की आतलं मूल तिच्या बोटाला बोट लावायचं.

तिच्या उजव्या मनगटात चांदीचं जाड कडं होतं. ते काही हौसेचा दागिना नव्हतं. त्या खोऱ्यातल्या सुइणींची एक रीत होती. नवी सुईण जुनीच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबायची. मग एक दिवस जुनीला वाटायचं, की हिला सगळं आलं. त्या दिवशी ती नवीचे हात हळदीकुंकवानं पुजायची आणि मनगटात कडं चढवायची. एकदा हात पुजले, की त्या सुइणीनं पुन्हा कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं, तर जिनं पूजा केली तिचा अपमान. गोजराईचे हात बायजाआईनं पुजले होते. कडं चढवताना ती म्हणाली होती, "आता लोक तुला विचारतील. तू कुणाला विचारू नकोस."

बायजाआई पुढं वारली. गोजराईनं तिचा शब्द पाळला.

गोजराईला एक मुलगा होता आणि हौसा नावाची सून होती. हौसा हसरी होती, कामाला वाघीण होती. तिला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा सारं गाव म्हणालं, "हौसाला कसली काळजी? सुईण तर घरातच आहे." पण ते मूल पोटात आडवं आलं. बायजाआईनं जे जे शिकवलं होतं ते गोजराईनं सगळं केलं. बायजाआईला जे येत नव्हतं, ते तिलाही येत नव्हतं. हौसा वाचली. मूल गेलं.

गावातल्या बाया येऊन बसल्या, म्हणाल्या, "सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं." गोजराईनं मान हलवली. पण तिच्या हातांना ते पटेना. भाकरी थापतानासुद्धा ते मधेच थांबायचे.

हौसानं सासूला कधी बोल लावला नाही. एकदा दोघी अंगण सारवत होत्या, तेव्हा मात्र तिनं विचारलं, "आत्ती, आडवं मूल फिरवायला बायजाआईंना येत होतं का?"

"नाही."

"मग त्यांनी कधी कुणाला विचारलं होतं?"

"त्यांचेही हात पुजलेले होते."

"असं होय," हौसा म्हणाली, आणि शेणाचा हात पुढं ओढत गेली. त्या दिवशी गोजराईनं एकच जागा तीनतीनदा सारवली.

पुढच्या वर्षी हौसाला पुन्हा दिवस राहिले. दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखा धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचं बिऱ्हाड आणि मेंढरं, कोकणात उतरायच्या आधी गावाच्या माळावर येऊन बसला. गोजराई सरपण घेऊन माळावरून येत होती. तिथं एक मेंढी अडली होती, आणि धुळाबाई नावाची एक तरणी धनगरीण तिच्याजवळ गुडघे टेकून बसली होती. कोकरू आडवं होतं. गोजराईला ते लांबूनच कळलं. ती सरपण डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. धुळाबाईनं ओढाओढ केली नाही. मेंढीला कळ आली की ती हात सैल सोडायची, आणि कळ ओसरली की हलकेच आत सारायची, जरा वळवायची, पुन्हा थांबायची. थोड्या वेळानं कोकरू तिच्या मांडीवर पडलं, शिंकलं आणि पायांवर उभं राहायला धडपडू लागलं.

विचारावं असं गोजराईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मनगटात कडं होतं. ती सरपण घेऊन घरी आली.

सकाळी उठून तिनं हाताला तेल लावलं आणि कडं ओढलं. ते निघेना. इतक्या वर्षांत ते हाडाला घट्ट बसलं होतं. हौसानं ताक घुसळायचं सोडून सासूचा हात धरला, आणि दोघींनी मिळून ते उतरवलं. गोजराईनं कडं देव्हाऱ्यात ठेवलं आणि दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी माळावर शिकायला चालले."

गावात ताराऊकाकी म्हणून एक म्हातारी होती. बायकांच्या रीतीभातीत तिचा शब्द शेवटचा असायचा. ती काठी टेकत आली. "गोजरे, पिकल्या केसांची तू, पंचक्रोशीची सुईण, आणि मेंढरांच्या शाळेत नाव घालणार? उद्या अंडं घालायला शिकायचं म्हणून कोंबडीच्या खुराड्यात बसशील."

"कोंबडीला येतं ते मला येत नाही, हे तर खरंच आहे, काकी," गोजराई म्हणाली.

बाया फिसकन हसल्या. ताराऊकाकी हसली नाही. "नीट ऐक. कडं नसलेल्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत कुणी घेत नाही. तुझ्या सुनेच्या वेळेलाही नाही. मी दारात उभी राहीन."

गोजराई सगळं ऐकून घेऊन माळावर गेली.

धुळाबाई तिला पाहून चकित झाली. "म्हातारे, मला कुठं शिकवता येतंय? मी आईचं बघून केलं. तू बघ आणि कर."

गोजराईनं बघितलं आणि केलं. पहिल्याच मेंढीनं तिला अशी लाथ घातली, की ती लेंड्यांत बसली. दुसऱ्या मेंढीशी तिनं घाई केली. तिसरीला कळ आली की हिचे हात आपोआप ओढायला लागायचे, कारण जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. धुळाबाई हसून म्हणाली, "तुझं हात लई हुशार आहेत. म्हणूनच ऐकत न्हाईत."

हे बोलणं गोजराईला सगळ्यात जास्त लागलं, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. वाडा कोकणात उतरला तेव्हा तीही मेंढरांमागं कोकणात उतरली. हात कधी लावायचा हे तिला ठाऊक होतं. हात कधी लावायचा नाही, हे ती त्या वाटेवर शिकली. असं म्हणतात, की पुढं पुढं अडलेली मेंढी धुळाबाईला सोडून आपणहून गोजराईच्या पायाशी येऊन बसायची. असं म्हणतात, की तिच्या तळहातांवर लोकरीसारखी मऊ लव उगवली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

एकदा विचारायची सवय लागली, की ती सुटत नाही. वाटेत कुंभारीण भेटली, तर गोजराई तिला विचारायची, "मडकं आतून चिरलंय हे बाहेरून कसं कळतं?" होडीवाला भेटला, तर विचारायची, "पाण्याखाली खडक आहे हे तुझ्या वल्ह्याला कोण सांगतं?" कुणी नीट सांगायचं, कुणी थट्टा करायचं. तिला दोन्ही चालायचं.

शिमगा झाल्यावर ती घाट चढून घरी आली. हौसाचे दिवस भरत आले होते. मेंढीच्या पोटात हात घालून जे जमत होतं, ते बाईच्या पोटावरून, बाहेरून जमवायचं होतं. मग तिनं कातडी पखालीत पाणी भरलं, आत एक दुधी भोपळा सोडला, आणि परसात बसून डोळे मिटून ती तो बाहेरून चाचपायची, वळवायची. येणारेजाणारे कुंपणाशी थांबून बघायचे. "म्हातारी भोपळ्याचं बाळंतपण करतेय," असं गावभर झालं. हौसा मांडीवर शेंगा घेऊन सोलत समोर बसायची आणि म्हणायची, "आत्ती, आज भोपळा लवकर वळला."

चैत्रातल्या एका दुपारी हौसाच्या पोटात कळा सुरू झाल्या. गोजराईनं पोटाला हात लावला आणि तिला कळलं. हेही आडवं होतं.

ती हात धुवायला बाहेर आली आणि परत वळली, तो दारात ताराऊकाकी. बोलल्याप्रमाणं उभी. मागं बायांची गर्दी. काकीच्या हातात देव्हाऱ्यातलं कडं होतं.

"हे घाल आणि जा," काकी म्हणाली. "मी वाईट नाही गं. पण बिनकड्याची सुईण आत गेली आणि काही झालं, तर गाव म्हणेल बायजाआईचा कोप झाला. तूच म्हणशील."

"कडं घातलं तर मला विचारता येणार नाही, काकी. आणि आज मला विचारायचंय."

"आता कुणाला? मेंढरं तर कोकणात आहेत."

"हौसाला."

बाळंतीण होणाऱ्या बाईला काही विचारायचं असतं, हे त्या खोऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं. सुईण सांगायची आणि बाईनं सोसायचं, एवढंच ठाऊक होतं. तेवढ्यात आतून हौसाचा आवाज आला. कळेनं तुटत होता, पण स्पष्ट होता. "काकी, मला कडं नको. मला आत्ती पाहिजेत."

ताराऊकाकीनं कडं मुठीत धरलं आणि ती दारातून बाजूला झाली.

आत गोजराई हौसाशेजारी बसली आणि तिनं विचारलं, "पोरी, तुला आतून कुठं टणक लागतंय? लाथा कुठं बसतात? मी दाबलं की कुठं बरं वाटतं आणि कुठं नको वाटतं?" हौसानं डोळे मिटले आणि ती सांगत गेली. उजव्या बरगडीखाली डोकं आहे. नाही, जरा खाली. आता सरकलं. आता नको, कळ येतेय. मग गोजराई हात सैल सोडून बसायची. कळ ओसरली की हौसाच म्हणायची, "आता, आत्ती," आणि दोन म्हातारे हात जरासं सारायचे. अशा दोघी मिळून ते मूल फिरवत होत्या, एक आतून आणि एक बाहेरून. बाहेर उन्हात बाया उभ्या होत्या. एकीलाही पाणी प्यायला जायचं सुचलं नाही.

असं म्हणतात, की त्या दुपारी दूर कोकणात धुळाबाईची सगळी मेंढरं चरता चरता थांबली आणि एकाच वेळी एका अंगाला वळली. असं म्हणतात, की माळवंडीच्या ओढ्याची धारसुद्धा क्षणभर आडवी होऊन पुन्हा सरळ झाली. ज्यांना खरं मानायचं त्यांनी मानावं. मूल सरळ झालं आणि डोक्यानं आलं, एवढं मात्र सगळं गाव सांगतं. मुलगी होती. ती अशी रडली, की ताराऊकाकी दारातच मटकन खाली बसली.

बारशाला सारं गाव लोटलं. पाळणा टांगला, फुलं लावली. ताराऊकाकी कडं चिंचेनं घासून, चकचकीत करून घेऊन आली होती. "गोजरे, हात पुढं कर. आता तर तुला खरोखरच सगळं आलं."

गोजराईनं हात मागं घेतला. "अजून पाळणा म्हणायला येत नाही, काकी. तुमच्यासारखा खोऱ्यात कुणी म्हणत नाही. मला शिकवा, मग नातीला पाळण्यात घालू."

ताराऊकाकीला वाटलं ही टोमणा मारतेय. तिनं गोजराईच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग कडं कनवटीला खोचलं, खाली बसली आणि पहिली ओळ म्हणाली. गोजराई मागून म्हणाली. तिचा आवाज इतका बेसूर होता, की गोठ्यातली म्हैस हंबरली. लोक हसून हसून कोलमडले, आणि सगळ्यात मोठ्यानं हौसा हसली. काकी कपाळाला हात लावून म्हणाली, "पुन्हा म्हण." उन्हं कलली, तरी पुन्हा म्हण, पुन्हा म्हण चाललंच होतं. गोजराईला एक कडवं धड म्हणता आलं, तेव्हाच ती पोर पाळण्यात गेली.

ते कडं पुन्हा कुणाच्या मनगटात चढलं नाही. त्या खोऱ्यात हात पुजायची रीत तिथंच संपली, आणि सुइणी एकमेकींना विचारू लागल्या. गोजराई पुष्कळ जगली आणि शेवटपर्यंत कुणाकुणाकडून काही ना काही शिकत राहिली. असं म्हणतात, की अखेरच्या दिवशी तिनं उशाशी बसलेल्या बायांना विचारलं, "हे कसं करायचं गं? कुणाला येतं का?" कुणालाच येत नव्हतं. मग ती म्हणाली, "बरं, मीच बघते," आणि डोळे मिटले.

आजही माळवंडीत घरातली सगळ्यात म्हातारी बाई चारचौघांत काहीतरी नवं शिकल्याशिवाय बारशाचा पाळणा हलत नाही. तिला जे येतं ते चालत नाही. शिकवणारं कुणीही चालतं. आतापर्यंत आज्या सायकल शिकल्या आहेत, स्वतःची सही करायला शिकल्या आहेत, नातवाला फोन लावायला शिकल्या आहेत. अलीकडंच एका घरी पणजीबाईंनी शिट्टी वाजवायची ठरवली, आणि तोंडात दात नव्हते. सकाळची दुपार झाली. बाळ रडलं, दूध प्यालं, झोपलं. पंगत वाढायची थांबली होती, तरी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनासुद्धा कुणी घाई करू दिली नाही. पणजीबाई गाल फुगवत होत्या, वारा सोडत होत्या, पुन्हा गाल फुगवत होत्या. शेवटी एक बारीकशी, वाकडी शिट्टी निघाली. बाळानं झोपेतच मान वळवली, आणि मग आत्यानं त्याच्या कानाशी वाकून कुर्र केलं.