निळाक्काच्या गळ्यातली चिठ्ठी

त्या राज्यात सात फळ्या होत्या आणि प्रजा सगळी काचेची. कोणी कुठल्या फळीवर बसायचे, हे ज्याच्या त्याच्या गळ्यातल्या चिठ्ठीवरून ठरे. आपल्यासारख्या बाटल्या जगात आता किती उरल्या, तो आकडा चिठ्ठीवर लिहिलेला असे. आकडा जितका लहान, तितकी फळी वरची. अगदी खालच्या फळीवरच्यांना चिठ्ठीच नव्हती, कारण त्यांची मोजदाद करण्याच्या भानगडीत कोणी पडलेच नव्हते. दर आठवड्याला या बाटल्या लाकडी खोक्यात बसून बाहेर जात, सोडा भरून येत, पाहुण्यांपुढे फटाफट उघडत आणि रिकाम्या होऊन हसत परतत. वरच्या फळ्या त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखे करत.

राज्य चालवी एक हात. पिवळे मऊ फडके घेऊन तो येई, पुसे, चिठ्ठ्या बदले आणि जाई. मनगटाच्या पलीकडे कोण आहे याची चौकशी करणे शिष्टाचारात बसत नसे.

सातव्या फळीवर निळाक्का राहत होती. गोटी-सोड्याची बाटली, फिकट निळ्या काचेची, गळ्याला चिमटा काढल्यासारख्या दोन खाचा आणि आत हिरवी गोटी. तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते : एक.

कारखान्यातून त्या चोवीस बहिणी एकाच खोक्यात निघाल्या होत्या. पुढे सगळ्या पांगल्या आणि निळाक्का एकटी या राज्यात आली. बाहेरच्या बातम्या आणायला कपाटामागची पाल होती. अमक्या ठिकाणी तुझी एक बहीण फुटली, असे पालीने सांगितले की रिवाजाप्रमाणे सगळे क्षणभर भिंतीकडे तोंड करत आणि मग वळून तिचे अभिनंदन करत. असे निळाक्काचे तेवीस वेळा अभिनंदन झाले होते. पहिल्या वेळी तिला रडू आवरले नव्हते. सातव्या-आठव्या वेळेपासून मात्र ती आपणहून पालीला विचारू लागली, काही बातमी आहे का. ते आठवले की तिला स्वतःची लाज वाटे, म्हणून ती आठवत नसे.

सातव्या फळीवर आवाज करायचा नसतो. निळाक्काची गोटी वाजू नये म्हणून हाताने तिच्या गळ्यात कापसाचा बोळा बसवला होता. शेजारी लोळणबुवा. त्यांचे बूड गोल असल्यामुळे त्यांना उभे राहताच येत नसे, ते गादीवर आडवे असत आणि सगळे त्याला भारदस्तपणा समजत. त्यांचे बूच आजवर उघडले गेले नव्हते. पणजोबांच्या काळचा सोडा त्यांच्या पोटात होता. त्यातला जोर केव्हाच गेला होता, पण हे त्यांना सांगणार कोण?

एके दिवशी सकाळी पाल आली आणि नेहमीसारखी चुकचुकली नाही.

"अक्का, आजची बातमी उलटी आहे," ती म्हणाली. गावाबाहेरच्या विहिरीचा गाळ उपसला होता. त्यात एक बाटली धड सापडली. निळी, गोटीची, मान जराशी तिरपी. हात तिला आणायला गेलाही होता.

निळाक्काने लगेच हिशेब केला. दोन म्हणजे सहावी फळी. उभ्या आयुष्यात मिळवलेले एवढेच तर होते, आणि तेही विहिरीच्या गाळातून कोणीतरी वर येऊन काढून घेणार!

लोळणबुवांनी घसा साफ केला. ताडून बघायला हात दोघींना शेजारी ठेवील, ते म्हणाले. नवी ओली असेल. फळी बाहेरच्या बाजूला उतरती आहे. "तुम्हाला काही करावं लागणार नाही, अक्का. नुसतं स्थिर राहायचं. स्थिर राहिल्याबद्दल आजवर कोणाला बोल लागलेला नाही."

दुपारी नवी आली. नुकतीच धुतलेली, तळाला अजून चिखल, आणि गोटी अशी खुळखुळत होती की पाचव्या फळीने नाक मुरडले. हाताने तिला निळाक्काशेजारी ठेवले आणि तो चिठ्ठी आणायला गेला.

"अगं, तू तिसऱ्या ओळीतली ना?" नवी म्हणाली. "गाडी खड्ड्यात गेली की आपल्या दोघींच्या गोट्या एकदम वाजायच्या. मी तिरपी. विसरलीस?"

निळाक्का विसरली नव्हती. तेच तर अवघड होते. ती म्हणाली, "तू फुटलीस म्हणून माझं अभिनंदन झालं होतं."

तिरपीने विचार केला. "माझ्या मरणाचा समारंभ, आणि मलाच बोलावणं नाही?" आणि ती अशी हसली की तिची ओली काच फळीवर थरथरली.

तेवढ्यात वाऱ्याने खिडकीचे दार धाडकन आपटले. कपाट हादरले. तिरपीचा बुळबुळीत तळ सरकला आणि ती हसता हसताच कडेकडे निघाली. लोळणबुवांनी भिंतीकडे तोंड केले. पुढच्या अभिनंदनाची तयारीच ती.

निळाक्काला फक्त स्थिर राहायचे होते. तेवीस वेळा ती तशी राहिली होती. पण या वेळी तिने स्वतःला आडवे झोकून दिले. ती कडेवर पडली आणि तिरपी तिच्या पोटावर येऊन थांबली. निळाक्काचा तळ फळीच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर आपटला आणि काचेचा एक टवका थेट खाली गेला. गळ्यातला बोळा उडाला. इतक्या वर्षांनी तिची गोटी वाजली, आणि तिरपीची तिच्याबरोबर वाजली. निळाक्काला रडू आले, पण त्या रडण्यात इतका आनंद होता की ते कोणाला ओळखू आले नाही.

हात परत आला. टवका उडालेल्या जागेवरून त्याने बोट फिरवले, जरा थांबला आणि टवका उडालेल्याला सातव्या फळीवर जागा नाही या नियमाप्रमाणे निळाक्काला उचलून अगदी खालच्या फळीवर ठेवले. पण आता तिरपी वर राहायला तयार नव्हती. ती इतकी खुळखुळली की वरच्या तिन्ही फळ्यांनीच तिला खाली न्या म्हणून आग्रह धरला. मग दोघींना साबणाच्या पाण्यात बुडवण्यात आले. "एक" लिहिलेली चिठ्ठी पाण्यात भिजली, फुगली आणि विरघळून गेली.

खालच्या फळीने त्यांना कोणताही आकडा विचारला नाही. नुसते सरकून जागा केली. आठवड्याच्या शेवटी खोके निघाले, तेव्हा दोघी तिसऱ्या ओळीत शेजारी शेजारी होत्या आणि वाटेत बरेच खड्डे होते.

संध्याकाळी पाहुणे आले. निळाक्काच्या गोटीवर अंगठा दाबला गेला. फट्ट! फेस गळ्यापर्यंत उसळला, बाहेर सांडला, कोणाच्या तरी नाकात गेला, आणि घरभर हशा पिकला. लगेच तिरपीची पाळी. फट्ट!

आणि वर, सातव्या फळीवर, गादीवर आडव्या पडलेल्या लोळणबुवांच्या पोटात, हळूहळू, एक बुडबुडा वर चढला.