शेपूटपट्टी

एका जंगलात पुढे एक कोल्हा राहत असे आणि त्याच्या मागे त्याचं शेपूट. दोघांत मोठं कोण, हे लांबून सांगता यायचं नाही. कोल्हा ते रोज ओढ्यावर धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा. त्या जंगलात प्राण्यांची सभा भरायची. तुमच्या गावात भरते तशीच, फक्त प्राणी जरा वेळेवर यायचे. अध्यक्ष हत्ती. भाषणात घसा कोरडा पडू नये म्हणून तो सोंडेत पाणी भरूनच यायचा. मतदान शेपटाने. बाजूने असेल त्याने शेपूट वर करायचं, विरोधात असेल त्याने शेपूट घालायचं.

एका उन्हाळ्यात टिटवीने सभेत विषय काढला. "गेल्या साली माळ पेटला, माझी अंडी भाजली. तुम्हाला पळायला पाय आहेत, अंड्यांना नाहीत. यंदा पुन्हा घातलीत, तिथेच, उघड्यावर. माळाच्या कडेला एक आगचौकी करा. तळं खोदा आणि दोन हत्ती सोंड भरून उभे ठेवा." अध्यक्ष म्हणाला, "हत्ती देतो. पण ते दिवसभर तिथे उभे राहिले, तर त्यांचा चारा कोण आणणार?" एवढं ऐकल्यावर सगळ्यांना आभाळात काहीतरी दिसू लागलं. शेवटी कासव म्हणालं, "माणसं घरावर घरपट्टी घेतात, पाण्यावर पाणीपट्टी. आपण शेपूटपट्टी घेऊ. पळताना आधी शेपूटच पेटतं. ज्याचं जितक्या विती, त्याने रोज तितक्या पेंढ्या आणायच्या." कासवाचं शेपूट बोटभर होतं, हे सांगायला नको. ससा आणि अस्वल म्हणाले, न्याय म्हणावा तर असा.

कोल्ह्याने मनात हिशेब केला. रोज एवढ्या पेंढ्या वाहायच्या, तर शेपूट धुवायचं कधी आणि दाखवायचं कुणाला? तो उठला. "अध्यक्षमहाराज, हे शेपूट माझं एकट्याचं नाही, वडिलोपार्जित आहे. शिवाय त्यात निम्मे नुसते केस. माझं म्हणणं, एक समिती नेमू. पाऊस पडला की निवांत बोलू." टिटवी म्हणाली, "पावसात आगचौकी कशाला, कोल्होबा? पोहायला?" बिबट्या आणि माकडं मात्र कोल्ह्याच्या बाजूला गेली. मतं घेतली, तर निम्मी शेपटं वर, निम्मी घातलेली. "कुणाला मत बदलायचंय का, बघा," असं म्हणून हत्ती पुन्हा मोजू लागला. कोल्हा पाय रोवून बसला. पण एवढं मोठं शेपूट पुरतं घातलं जाईना. त्याचा झुबका मागे वाळक्या गवतात पसरून राहिला.

तेवढ्यात कोल्ह्याच्या नाकाला धुराचा वास आला. माळापलीकडे कुणीतरी पाला पेटवला होता आणि वारा सभेकडेच होता. वास सगळ्यात आधी त्यालाच आला, नाक तेवढं तिखट. पण त्याने विचार केला, आत्ता आग म्हणालो तर ठराव झालाच म्हणून समजा. मतं मोजून होऊ देत, मग सांगू. आगीला मात्र मतमोजणीशी काही देणंघेणं नव्हतं. एक ठिणगी आली आणि झुबक्यात शिरली. कोल्हा ताडकन उठला. शेपूट थेट आभाळात, वर ज्वाळा. "कोल्होबांचं मत बाजूने," हत्ती म्हणाला. "या एका मताने ठराव मंजूर. अनुमोदन कुणाचं?"

"अहो, मत नाही, आग आहे," कोल्हा ओरडला. "ते कळलं. अनुमोदन कुणाचं?" "माझं, माझं, माझंच घ्या." तेव्हा हत्तीने सोंडेतलं पाणी त्याच्या शेपटावर सोडलं. मग सगळे हिरव्या फांद्या घेऊन माळावर धावले आणि झोडपून झोडपून आग विझवली. ती टिटवीच्या अंड्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

चौकी झाली. पट्टी ठरवायला कासव विती मोजत आलं, तेव्हा कोल्ह्यापाशी बोटभर खुंट उरला होता. तो खुशीत म्हणाला, "मोजा की. तुमच्याएवढंच आहे आता." कासव म्हणालं, "मोजायचं कशाला? ठराव झाला त्या दिवशी किती उंच गेलं होतं, ते सगळ्या सभेने पाहिलंय." तेव्हापासून कोल्हा रोज पेंढ्या वाहतो. वाटेत टिटवीची पिल्लं त्याला विचारतात, "काका, एवढ्या पेंढ्या कुठल्या शेपटाच्या हो?"

तात्पर्य : धुराचा वास आल्यावरही जो खर्चाचीच चर्चा करत बसतो, त्याचं शेपूटही जातं आणि पट्टीही चुकत नाही.