ऋजुताचं फर्मान

पाचवीच्या वर्गात ऋजुताचा शब्द म्हणजे कायदा. नवी आलेली मेघना बोलताना अडखळायची, म्हणून मधल्या सुट्टीत ऋजुताने फर्मान काढलं, "मेघनाशी कट्टी! आणि तिच्याशी जो बोलेल, त्याच्याशीही कट्टी!"

मेघना कोपऱ्यात एकटीच बसली होती. तिने डबा उघडलाही नव्हता. वृंदाला ते बघवेना; पण उठायची हिंमत होईना. उद्यापासून आपल्याशीही कोणी बोललं नाही तर?

तरी ती डबा घेऊन उठली.

"वृंदा, कुठे निघालीस?" ऋजुता ओरडली. सगळे वळून बघू लागले.

वृंदाने डबा छातीशी घट्ट धरला. "मेघनाकडे. आता कट्टीत आम्ही दोघी. आमच्याशी कोणी बोललं की तीन, मग चार. असं करता करता सगळा वर्ग इकडे येईल आणि तिकडे तू एकटीच उरशील." मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण तू भिऊ नकोस हं. तेव्हा मी डबा घेऊन तुझ्याकडे येईन."

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या दोघी उठून मेघनाकडे गेल्या. ऋजुताचा चेहरा पांढरा पडला. थोड्या वेळाने तीही डबा घेऊन तिथे आली.

"सरका जरा," ती पुटपुटली.

सगळ्यांच्या आधी मेघना सरकली.