शेवंताचं नाव

भिंती बोलायच्या आणि ब्रश ऐकायचे, त्या काळी एका जुन्या आळीचं रूप पालटायला एका मंडळाची मुलं आली. कुणी न सांगता, हौसेनं, ती घरोघर रंग लावत सुटली.

हौसाबाईच्या दारापाशी ब्रशनं नाक मुरडलं. "केवढे हे लाल डाग!"

"डाग नव्हेत रे, लेक आहे ती," भिंत म्हणाली. "शेवंताच्या लग्नात दोघांची नावं माझ्यावर लिहिली होती. जावयाचं पावसानं नेलं. शेवंता पहिल्या बाळंतपणात गेली, नाव तेवढं राहिलं. हौसाबाईला वाचता येत नाही, पण रोज सडा घालून झाला की ती त्यावर हात ठेवते. तेवढं सोड."

ब्रश चपापला. "मी धरणाऱ्या हाताचा ताबेदार. हौसाबाईनंच सांगायला हवं."

हौसाबाई चहा घेऊन शेजारीच उभी होती.

"मावशी, सगळी भिंत रंगवू ना?" ब्रश धरलेल्या मुलीनं विचारलं.

हौसाबाई नावाकडे बघत राहिली. परक्यांची लेकरं आपल्यासाठी उन्हात राबताहेत, त्यांना नको कसं म्हणायचं?

"रंगवा, बाळांनो," ती म्हणाली आणि तिनं कप पुढे केले.

संध्याकाळी आळी निळीशार झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी सडा घालून हौसाबाईनं भिंतीवर हात ठेवला. मग जरा डावीकडे सरकवला, मग जरा खाली. नाव नेमकं कुठं होतं, ते तिला सापडेना.

"इथं गं, इथं," भिंत सांगत राहिली. पण त्या काळीही भिंतींचं बोलणं माणसांना ऐकू येत नव्हतं.