शिंकणारं सिंहासन आणि तुळोजी

एकदा काय झालं, एका राजाकडे जिवंत सिंहासन होतं. ओलं झालं की ते असं शिंकायचं, असं शिंकायचं, की बसलेला धाडकन खाली! हसू नकोस ठमे, पुढे ऐक.

राजाचा मुलगा तुळोजी. गुटगुटीत, गोड, पण चड्डी कायम ओली. त्या राज्यात रीत अशी, की तिसऱ्या वाढदिवशी राजपुत्राला सिंहासनावर बसवायचं. सिंहासन शिंकलं, तर पोराला डोंगरापलीकडच्या मठात धाडायचं, थेट मिसरूड फुटेपर्यंत. राणी हेमावती पोराला कुशीतून सोडेना. एवढंसं लेकरू, आईवाचून कसं राहील गं?

मग राजाने पोराला शू करायला सोन्याचं भांडं करवून घेतलं. तुळोजी बसला, तोच धडाड्धूम नगारा! राजघराण्यातलं कुणीही, कुठेही बसलं की नगारा वाजवायचाच, ही तिथली मेली रीत. पोर दचकलं, शू आतल्या आत. उठला, आणि गालिच्यावर! मग चांदीचं भांडं आलं. पुन्हा नगारा, पुन्हा गालिचा. मग चंदनाचं आलं, घोड्यासारखं. पुन्हा नगारा, आणि या खेपेला राजाच्या जोड्यात... जाऊ दे, काय सांगू!

वाढदिवस उजाडला. राणी डोळे पुसत तुळोजीला न्हाणीत घेऊन गेली. आतून कडी लावली. खाली बसून तिने पाय पसरले, पोराला दोन्ही पावलांवर बसवलं, आपण सगळ्या बायका बसवतो ना, तस्संच. "शूऽऽ, माझ्या राजा, शूऽऽ." ना नगारा, ना माणसांची गर्दी. आणि लागली की धार! राणीने त्याचे पटापट मुके घेतले. "अशी आली की आईला सांगायचं हं," म्हणाली.

मग दरबार भरला. तुळोजी सिंहासनावर बसला, नगारा वाजला. भटजींचे मंत्र काही संपेनात. तुळोजी चुळबुळ करायला लागला. सिंहासनाचं नाक हुळहुळायला लागलं, बरं का! राणीचा जीव टांगणीला.

"आई, शू आली!"

भर दरबारात ओरडला गं! राणीने त्याला उचललं आणि पळत सुटली. आता पोर शूला बसणार म्हणून नगारेवाल्याने टिपरू उचललं, तर राजाने त्याचा हातच धरला. "खबरदार वाजवशील तर!"

मग तुळोजी कोरडा ठणठणीत परत आला, ऐटीत बसला. सिंहासन गप्प. राणी "हुश्श!" करून मटकन खालीच बसली, हसली काय, रडली काय! लेकरू तिच्यापाशीच राहिलं, आणि सगळे सुखाने नांदले.

आता ऊठ ठमे. आधी शू करून ये, मग माझ्या कुशीत गपगार झोप.