पाचव्या झाडावरचं कलम

नवा नियम लिहायची हौस सगळ्यांना असते. त्यानंतर जुने नियम पुन्हा वाचायला मात्र कोणीच तयार नसतं.

कायदे झाडांवर कोरले जायचे, त्या काळातलं एक जंगल होतं. तिथे दर झाडावर एक कलम आणि त्याचा क्रमांक असे. एकदा अध्यक्ष हत्तीने स्वतःच्या गौरवाचं नवं कलम अगदी सुरुवातीला घातलं. माकडांनी पुढचे सगळे क्रमांक एकेकाने वाढवले आणि ती घरी गेली.

सुतारपक्षी झाडामागून झाड तपासत हत्तीकडे आला. "अध्यक्षसाहेब, हरणांच्या कलमात लिहिलंय, 'पाणी कलम पाचमधल्या वेळेला प्यावं.' पाचवं कलम होतं, 'पहाटे, मगर पलीकडच्या काठाला असताना.' ते आता सहावं झालंय. पाचव्या झाडावर आता आहे, 'दुपारी मगरीने पाणवठ्यावर जेवावं.'"

"हरणांच्या कलमाला मी सोंडसुद्धा लावलेली नाही," हत्ती म्हणाला.

"तिथेच चुकलं. लावायला हवी होती! मी आत्ता चोचीने पाचाचे सहा करतो."

"परवानगीशिवाय नाही. पावसाळ्यानंतरच्या बैठकीत बघू."

"अहो, दुपार झालीय! ती बघा, हरिणी निघाली." तो तिच्याकडे झेपावला. "ताई, थांब! पहाटे ये."

"पहाटे प्यायले तर नियम मोडेल ना, दादा," असं म्हणत तहानलेली हरिणी पाण्यात उतरली.

"बैठक सावकाश घ्या हं," मगर पाण्यातून म्हणाली. "तोवर मी आहे त्या कायद्याने चालते."